चौदा मिनिटांची नोकरी: फिजीचा जेरी तुवाई आणि सेव्हन्स रग्बीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेव्हन्स रग्बी बघतो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी 'म्हणजे ते अमेरिकन हेल्मेटवालं का?' असं विचारतो. नाही, ते वेगळं. त्यानंतरचे प्रश्न साधारण ठरलेले असतात, आणि गेली काही वर्षं मी त्यांची उत्तरं चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळीकडे देत आलोय. ती इथे एकदाच लिहून ठेवतो. सगळी उत्तरं एका खेळाडूभोवती फिरतात, कारण त्याची कारकीर्द नीट समजली तर हा खेळ माणसाला काय देतो आणि काय देत नाही ते दोन्ही कळतं.

जेरी तुवाई कोण? इतक्या खेळाडूंमधून हाच का?

जेरी तुवाई फिजीचा. जन्म २३ मार्च १९८९. राजधानी सुवाच्या कडेला न्यूटाउन नावाची वस्ती आहे, तिथला. लहानपणी चेंडू नव्हता म्हणून प्लास्टिकची बाटली घेऊन खेळायचा, आणि मैदान नव्हतं म्हणून रस्त्यातल्या वर्तुळाकार चौकातल्या हिरवळीवर. हे वाचून आपल्याकडची गल्लीतली क्रिकेटची टीम आठवली तर बरोबरच आठवली.

हा मुलगा पुढे २०१६ला रिओ आणि २०२१ला टोकियो अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकला. टोकियोत तर कर्णधार होता. पुरुषांच्या सेव्हन्समध्ये दोन ऑलिंपिक सुवर्णं असलेला तो एकटाच. २०१९चा जगातला सर्वोत्तम सेव्हन्स खेळाडू तोच, आणि २०२०मध्ये जागतिक संघटनेने दशकातला सर्वोत्तम निवडला तोही तोच. फिजीत त्याच्याइतके वेगवान आणि त्याच्यापेक्षा धिप्पाड खेळाडू शेकड्याने आहेत, तरी हे त्याच्याच वाट्याला आलं. म्हणून तो.

सेव्हन्स म्हणजे नेमकं काय? साध्या रग्बीपेक्षा वेगळं कसं?

मैदान तेच, सुमारे १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद. माणसं मात्र १५ ऐवजी ७. सामना ८० मिनिटांऐवजी १४ मिनिटांचा, म्हणजे सात-सात मिनिटांचे दोन अर्ध, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे ५ गुण. त्यानंतर खांबांमधून लाथाडला की आणखी २, आणि इथे तो आधी जमिनीवर टप्पा पाडून, उसळताना मारावा लागतो.

आता हिशोब करा. मैदानावर १४ जण आणि सात हजार चौरस मीटर जागा. माणशी पाचशे. पंधरांच्या खेळात एखादा चुकला तर मागे दुसरा उभा असतो. इथे मागे कोणीच नसतं. एका पावलाची हुलकावणी बसली की पुढचे साठ मीटर मोकळे. त्यामुळे हा खेळ ताकदीचा कमी आणि फसवण्याचा जास्त.

खेळ जन्मला स्कॉटलंडमधल्या मेलरोझ गावात, १८८३मध्ये. नेड हेग नावाच्या खाटकाने क्लबसाठी पैसे उभे करायला ही छोटी स्पर्धा सुचवली. पैशाची चणचण या खेळाच्या पाचवीलाच पुजलेली आहे. पुढे तो मुद्दा येईलच.

सात जण, पकड, हुलकावणी. ही कबड्डीच झाली की?

दरवेळी येतो हा प्रश्न, आणि मला तो आवडतो. साम्य खरंच आहे. कबड्डीत १२ जणांचा संघ, ७ मैदानात, ५ राखीव. ऑलिंपिक सेव्हन्समध्येही १२ जणांचा संघ, त्यातले ७ मैदानात. चढाईला गेलेला खेळाडू उजव्या कोपरारक्षकाला डोळ्यांनी एक दिशा दाखवतो आणि पाय दुसरीकडे टाकतो ना, तुवाई अगदी तेच करतो. शरीराचा वरचा भाग एकीकडे झुकतो, समोरचा त्या बाजूला वजन टाकतो, आणि तेवढ्यात हा दुसऱ्या बाजूने निसटलेला असतो. टॅकल म्हणजे आपली कमरेची पकड, फक्त धावत्या माणसावर घातलेली.

फरक दमाचा. कबड्डीपटू तीस सेकंद जीव तोडून मागे येतो. सेव्हन्सवाल्याला परत यायला घरच नाही. पकड घालून पडला की उठायचं, रेषेत धावत यायचं, पुन्हा पकड घालायची.

एवढासा देश, मग एवढे खेळाडू येतात कुठून?

फिजीची लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. पण तिथे रग्बी शाळेत शिकवावी लागत नाही. गावागावात संध्याकाळी पोरं मैदानावर असतात, आणि ती खेळतात ती बहुतेक वेळा हाताने स्पर्श करून बाद करण्याची रग्बी, जिच्यात अंगावर जाणं नाही, फक्त पळणं, चुकवणं आणि एका हाताने चेंडू देणं. पकडला गेल्यावर, पडता पडता मागच्याला चेंडू सोपवायचा, याला ऑफलोड म्हणतात. इतर देशांत हे प्रशिक्षक घोटून घेतात. फिजीत ते आईच्या दुधाबरोबर येतं असं म्हणायची पद्धत आहे. मला ते वाक्य फारसं पटत नाही. रोज दोन तास दहा वर्षं केलं की कुठलीही गोष्ट 'उपजत' दिसायला लागते.

स्थानिक स्पर्धा हा दुसरा भाग. सुवातली मरिस्ट सेव्हन्स, दक्षिण किनाऱ्यावरची कोरल कोस्ट सेव्हन्स अशा स्पर्धांत गावांचे संघ, पोलिसांचे संघ, लष्कराचे संघ, तुरुंग खात्याचा 'वॉर्डन्स' नावाचा संघ, सगळे उतरतात. आपल्याकडे कबड्डीत पोलीस, रेल्वे, बँका यांचे संघ असायचे आणि चांगल्या खेळाडूला तिथे नोकरी लागायची, तसंच. राष्ट्रीय प्रशिक्षक या स्पर्धांच्या बाकड्यांवर बसून माणसं टिपतो.

तुवाई लहानपणापासूनच देशाच्या संघात होता का?

अजिबात नाही. देशासाठी तो पहिल्यांदा खेळला २०१४च्या गोल्ड कोस्ट स्पर्धेत, तेव्हा वय २५. सेव्हन्समध्ये हे उशिराचं वय. त्याला घेतलं बेन रायन या इंग्लिश प्रशिक्षकाने. रायन आधी इंग्लंडचा सेव्हन्स प्रशिक्षक होता, २०१३मध्ये फिजीला आला. आला तेव्हा फिजीच्या संघटनेकडे पैसे नव्हते. जागतिक संघटनेने निधी थांबवलेला होता, आणि रायनचा स्वतःचा पगारही सुरुवातीचे महिने झाला नाही. तरी तो राहिला.

या काळातली मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट म्हणजे त्याने फिजीच्या खेळाला हात लावला नाही, फिजीच्या तब्येतीला लावला. हुलकावण्या, ऑफलोड, वेडेपणा सगळं राहू दिलं आणि पोरांना सिगातोकाच्या वाळूच्या टेकड्यांवर पळवलं. त्या टेकड्या समुद्रकाठी आहेत, उभ्या चढाच्या. वर जाताना पाय दोन पावलं पुढे जातो आणि एक मागे घसरतो. फिजीचे संघ पूर्वी शेवटच्या दोन मिनिटांत दमून सामने घालवायचे. ती दोन मिनिटं त्या वाळूत परत मिळाली.

वर्षभर नेमकं काम काय असतं? चौदा मिनिटं खेळायचं आणि घरी?

असंच वाटतं बाहेरून. तुवाईच्या काळात जागतिक मालिकेत एका मोसमात साधारण दहा स्पर्धा असायच्या: दुबई, केप टाउन, हॅमिल्टन, सिडनी, लास वेगास, व्हँकुव्हर, हाँगकाँग, सिंगापूर, लंडन, पॅरिस. त्या जोडीजोडीने यायच्या. म्हणजे एका शनिवार-रविवारी दुबईत खेळायचं, मधल्या आठवड्यात विमानाने आफ्रिकेच्या टोकाला, पुढच्या शनिवार-रविवारी केप टाउन. मग घरी, मग सराव, मग पुन्हा बॅग.

एका स्पर्धेत दोन किंवा तीन दिवसांत पाच-सहा सामने. पहिला सामना सकाळी, पुढचा तीन तासांनी, त्यानंतरचा संध्याकाळी. चौदा मिनिटं खेळून होतात, मग बर्फाच्या पाण्यात बसायचं, थोडं खायचं, आडवं व्हायचं, आणि अंग थंड पडलेलं असताना पुन्हा गरम करायचं. जुने खेळाडू सांगतात की सामना त्रास देत नाही, तिसऱ्या सामन्याआधीचं अंग गरम करणं त्रास देतं. त्यातच दुपारच्या उन्हात ढिलाई झाली आणि एखादा दुबळा संघ अंगावर आला, की पदक गेलंच म्हणून समजायचं. २०१६ला रिओत न्यूझीलंड गटातच जपानकडून १४-१२ असं हरलं होतं. या खेळात अशी गोष्ट दर स्पर्धेत एकदा तरी होते.

रिओला नेमकं काय झालं?

११ ऑगस्ट २०१६. रग्बी ऑलिंपिकमध्ये १९२४नंतर पहिल्यांदा आलेली, आणि तीही सातांची. फिजी तोपर्यंत कुठल्याच खेळात कुठलंच ऑलिंपिक पदक जिंकलेला नव्हता. ब्राँझसुद्धा नाही.

गटात ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिका. अमेरिकेने घाम काढला, २४-१९. उपांत्यपूर्व फेरीत न्यूझीलंड, १२-७. उपांत्य फेरीत जपान, २०-५. आणि अंतिम सामना ज्यांनी या देशावर शंभर वर्षांच्या आसपास राज्य केलं त्या ग्रेट ब्रिटनशी. मध्यंतरालाच २९-० झाले होते. शेवट ४३-७. अंतिम सामने असे नसतात. मी तो सामना पहाटे एकट्याने बघितला आणि आरडाओरडा करायला घरात कोणी जागं नव्हतं, याची रुखरुख अजून आहे.

सामन्यानंतर खेळाडूंनी एकमेकांना धरून स्तोत्र गायलं. पदक द्यायला ब्रिटनची राजकन्या ॲन आली होती. एकेक खेळाडू तिच्यासमोर गुडघ्यावर बसला, हात जोडून टाळी वाजवली, मग मान पुढे केली. फिजीत मोठ्या माणसाकडून काही घेताना असंच घेतात. टीव्हीवरच्या बऱ्याच लोकांना त्यात गुलामी दिसली. मला तरी वडीलधाऱ्यांसमोर वाकणारी पोरं दिसली.

घरी सुट्टी जाहीर झाली. रायनला सेरुआ भागातल्या एका सरदाराने तीन एकर जमीन आणि फिजियन नाव दिलं. आणि २०१७मध्ये फिजीच्या रिझर्व्ह बँकेने चक्क सात डॉलरची नोट काढली, तीवर कर्णधार ओसेआ कोलिनिसाऊ, मागे संघ आणि रायन. सातांच्या खेळासाठी सातची नोट. असा विनोद सरकारी बँकेला सुचतो हे वाचून मला त्या देशाचा जास्तच लोभ वाटला.

मग हे लोक कोट्यधीश झाले असतील?

इथे खरी गोष्ट सुरू होते.

नाही. नोटेवर चित्र येणं आणि खिशात नोट असणं या वेगळ्या गोष्टी. सेव्हन्सचा पैसा पंधरांच्या खेळाच्या मानाने फार कमी, आणि फिजीसारख्या गरीब संघटनेकडे त्याहून कमी. इंग्लंड, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया तेव्हा खेळाडूंशी पूर्णवेळ करार करू शकत होते. फिजीच्या पिढ्यान्‌पिढ्या पोलिसात, तुरुंग खात्यात, हॉटेलात किंवा शेतात काम करून खेळल्या. घरात आईवडील, भावंडं, चुलते, चर्चची वर्गणी, कोणाचं लग्न, कोणाचं मयत. कमावणारा एक आणि हात पसरणारे वीस. यात दोष कोणाचा नाही, तिथली घरंच तशी बांधलेली आहेत. आपल्या गावाकडची कशी असतात तशी.

पैसा आहे फ्रान्समध्ये आणि इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये, पंधरांच्या क्लब रग्बीत. म्हणून सुवर्णपदक हे फिजीच्या खेळाडूसाठी बऱ्याचदा परदेशी क्लबला दाखवायचं प्रमाणपत्र ठरतं. रिओच्या संघातला विलियामे माता एडिनबरोला गेला आणि तिथे मोठा झाला. जोसुआ तुइसोवा फ्रान्समध्ये तुलोंकडे होता. लेओने नाकारावा युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणला गेला. टोकियोनंतर जिउता वाइनिकोलो तुलोंला, सिरेली माकाला बायोनला, विलिमोनी बोतितू कास्त्रला. पदक मिळालं आणि पुढच्या मोसमात अर्धा संघ विमानात.

संघटनेचे लोक याला गळती म्हणतात. घरी पैसे पाठवणाऱ्या पोराच्या आईला विचारलं तर ती दुसरा शब्द वापरेल. २०२२पासून सुपर रग्बीत, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडच्या संघांच्या पंधरांच्या व्यावसायिक स्पर्धेत, 'फिजियन ड्रुआ' हा फिजीचाच व्यावसायिक संघ खेळतो. त्यामुळे देशात राहून पगार मिळण्याची एक वाट तरी उघडली. टोकियोचा इओसेफो मासी त्या वाटेने गेला.

पण तुवाई सेव्हन्समध्येच राहिला?

टोकियोच्या बारा जणांत रिओचा एकच होता, तो. पाच वर्षांत बाकी अकरा बदलले.

यात मनाचा मोठेपणा शोधायचा मोह होतो, पण मी आधी त्याच्या अंगकाठीकडे बघतो. तुवाई लहानखुरा. पंधरांच्या खेळात आता एकेक माणूस शंभर-सव्वाशे किलोचा असतो, मोकळी जागा वीतभर मिळते, आणि क्लब पैसे ओततात ते वजनावर. माता किंवा नाकारावासारख्या उंच धिप्पाड माणसाला तिथे लगेच मागणी. हुलकावणी विकणाऱ्याला मोकळं मैदान लागतं, आणि ते सातांच्या खेळातच मिळतं. तो सेव्हन्ससाठीच बनला होता. ज्या बाजारात पैसा आहे तिथे त्याच्या मालाला भाव कमी, आणि जिथे भाव आहे तिथे पैसा कमी.

मधल्या काळात त्याने काय केलं तर २०१८-१९च्या मालिकेत फिजीने दहापैकी पाच स्पर्धा जिंकून जेतेपद घेतलं आणि त्या संघाचा मेंदू तो होता. प्रशिक्षक तेव्हा वेल्सचा गॅरेथ बेबर. वर्षाखेरीस सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार. २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत मात्र अंतिम सामन्यात न्यूझीलंडने फिजीला १४-० असं गप्प केलं. फिजीचा संघ आणि शून्य गुण, हे दृश्य दुर्मीळ.

टोकियोचं सुवर्ण रिओपेक्षा मोठं का म्हणतात?

कारण कोविड. २०२१मध्ये फिजीत साथ भडकली. संघ घरापासून दूर शिबिरात अडकला, तिथून ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला, तिथून जपानला. जवळपास पाच महिने घरच्यांचं दर्शन नाही. ज्या खेळाडूंचं सगळं बळ घर, गाव आणि चर्च यांतून येतं, त्यांना त्यांपासूनच तोडलं होतं. स्टेडियम रिकामं. आणि पहिल्याच सामन्यात यजमान जपानने दमवलं, २४-१९ असे कसेबसे सुटले.

मग गाडी रुळावर आली. कॅनडा, ब्रिटन, उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलिया १९-०, उपांत्य फेरीत अर्जेंटिना २६-१४. २८ जुलैला अंतिम सामन्यात न्यूझीलंड २७-१२. तुवाई तेव्हा ३२ वर्षांचा. शिट्टी वाजल्यावर तो लहान मुलासारखा रडला.

पुढे २०२४ला पॅरिसमध्येही फिजी अंतिम फेरीत पोचलं. रिओपासून तोवर ऑलिंपिकमधले सलग १७ सामने जिंकलेले. अठराव्यात फ्रान्सने २८-७ असं हरवलं. आँत्वान ड्युपाँ हा पंधरांच्या खेळातला जगातला अव्वल माणूस खास ऑलिंपिकसाठी सेव्हन्समध्ये उतरला होता, त्याने दुसऱ्या अर्धात मैदान ढवळून काढलं. गंमत अशी की त्या फिजी संघाचा प्रशिक्षक होता ओसेआ कोलिनिसाऊ, सातच्या नोटेवरचा.

सेरेवी मोठा की तुवाई?

फिजीत हा प्रश्न विचारू नका, रात्र संपेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वाइसाले सेरेवी, जन्म १९६८. १९८९ला हाँगकाँगमध्ये पदार्पण, १९९७ आणि २००५ असे दोन सेव्हन्स विश्वचषक, दोन्ही हाँगकाँगमध्येच. दुसरा जिंकला तेव्हा वय ३६. त्यानंतर २००५-०६ला खेळाडू आणि प्रशिक्षक असं दुहेरी ओझं घेऊन जागतिक मालिका जिंकली. त्याआधीच्या सहाच्या सहा मालिका न्यूझीलंडने जिंकलेल्या होत्या. पंधरांच्या खेळातही तीन विश्वचषक खेळला, इंग्लंडमध्ये लेस्टरकडून, फ्रान्समध्ये मों-द-मार्सांकडून खेळला, पण तिथे तो कधी राजा झाला नाही. कारण वर सांगितलं तेच. २०१३मध्ये त्याला जागतिक संघटनेने मानाच्या दालनात घेतलं.

सेरेवीला ऑलिंपिक मिळालं नाही. सेव्हन्स घ्यायचं हे ऑलिंपिक समितीने ठरवलं २००९ला आणि प्रत्यक्ष आलं २०१६ला, तेव्हा तो ४८चा. माझं मत विचाराल तर हातात चेंडू असताना सेरेवीइतकं अचाट कोणीच नव्हतं. पण तुवाई चेंडूशिवायही तितकाच उपयोगी. पकडी घालतो, उठतो, भोकं बुजवतो. सेरेवी बघताना तोंड उघडं राहतं. संघ निवडायला बसलो तर आधी तुवाईचं नाव लिहीन.

दुखापती फार होतात का?

होतात. खेळलेल्या दर तासामागे बघितलं तर पंधरांच्या खेळापेक्षा जास्तच. धावत्या वेगात टक्कर, अचानक दिशा बदलणं, आणि थकलेल्या स्नायूंवर तिसरा सामना. गुडघ्याचे अस्थिबंध, मांडीचा मागचा स्नायू, खांदा आणि डोक्याला बसणारे धक्के. तिशीनंतर टिकणारे थोडे.

निवृत्तीनंतर काय करतात?

काही प्रशिक्षक होतात, कोलिनिसाऊसारखे. सेरेवीने अमेरिकेत सिॲटलला जाऊन रग्बी शिकवायचं काम सुरू केलं. बरेच जण गावी परततात, खात्यातली नोकरी असेल तर तिथे. ज्यांनी वेळेत युरोप गाठला त्यांची घरं सिमेंटची झाली. एवढंच.

फिजीत भारतीय वंशाचे इतके लोक आहेत, मग संघात कोणी का दिसत नाही?

१८७९ ते १९१६ या काळात सुमारे साठ हजार भारतीय मजूर उसाच्या मळ्यांवर नेले गेले. त्यांना गिरमिटिया म्हणतात. सुताराच्या गिरमिटाशी याचा संबंध नाही, 'ॲग्रीमेंट'चा तो अपभ्रंश. त्यांचे वंशज आज लोकसंख्येच्या सुमारे एक तृतीयांश. रग्बी मूळ फिजियन गावांत आणि त्यांच्या शाळांत वाढली, तर भारतीय वंशाच्या लोकांनी फुटबॉल जवळ केला. इंग्रजांच्या मळेदारीने दोघांना वेगळं ठेवलं, ते खेळाच्या मैदानावरही दिसतं. रिओच्या दिवशी मात्र रस्त्यावर दोघेही होते.

मुलींचं काय?

फिजीच्या मुलींचा संघ 'फिजियाना'. टोकियोत त्यांनी ब्रिटनला २१-१२ हरवून ब्राँझ घेतलं. मुलांच्या मानाने त्यांना मिळणारं लक्ष आणि पैसा फार उशिरा आला, त्यामुळे त्या पदकाचं मला जास्त कौतुक. दोन सुवर्णं असलेल्या बायका मात्र एकापेक्षा जास्त आहेत, कारण न्यूझीलंडने टोकियो आणि पॅरिस दोन्ही जिंकलं.

आपल्याकडे, मुंबई-महाराष्ट्रात, हा खेळ आहे का?

आहे, आणि बराच जुना. बॉम्बे जिमखान्यावर पावसाळ्यात चिखलात रग्बी बघणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या. अभिनेता राहुल बोस भारतासाठी पंधरांची रग्बी खेळला आणि पुढे राष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष झाला. जून २०२५मध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली, सातांची, परदेशी खेळाडू घेऊन. पहिलं जेतेपद चेन्नईने नेलं. मुंबईकरांनो, घरच्या मैदानावर.

२०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सेव्हन्स होतं आणि भारताचा संघही उतरला होता. पण फिजी नव्हता. लष्करी उठावानंतर राष्ट्रकुलातून निलंबित झाल्यामुळे तो आलाच नाही. आपल्या दारात येऊ शकणारी सर्वोत्तम सेव्हन्स राजकारणाने अडवली.

माझा मुलगा अठरा वर्षांचा आहे, धावतो चांगला. आता सुरुवात केली तर उशीर झाला का?

या खेळात नाही. अमेरिकेचा कार्लिन आइल्स धावपटू होता, १०० मीटर १०.१३ सेकंदात पळायचा. २०१२ला तो रग्बीकडे वळला आणि काही महिन्यांत देशासाठी खेळला. पेरी बेकर अमेरिकन फुटबॉलमधून आला, आणि २०१७ व २०१८ असा लागोपाठ दोनदा जगातला सर्वोत्तम ठरला. वेग आधी असेल तर बाकीचं शिकवता येतं. फक्त पकड घालायची भीती लवकर गेली पाहिजे, आणि त्यासाठी कबड्डी खेळलेली असेल तर फारच उत्तम.

शिक्षण किंवा नोकरी सोडून मात्र पाठवू नका. तुवाईच्या देशातही कोणी शहाणा बाप तो सल्ला देणार नाही.

एकच सामना बघायचा तर कुठला?

सगळे रिओचा अंतिम सामना सांगतील. मी त्याच स्पर्धेतला उपांत्यपूर्व सामना सांगेन, न्यूझीलंडविरुद्धचा, १२-७. अंतिम सामन्यात फिजीला सगळं जमलं, इथे काहीच सहज जमत नव्हतं. एक ट्राय जास्त, एवढाच फरक. पहिल्यांदा चेंडूच्या मागे बघा. मग परत लावा आणि फक्त तुवाईवर डोळा ठेवा, तो चेंडू नसताना कुठे उभा असतो, कोणाला हात करून कुठे पाठवतो ते बघा. दोन्ही मिळून अर्धा तास पुरतो.